श्रीवास्तवजींची शेवंती

दिवाळीच्या माळा खोक्यात जातात, फराळाचे डबे घासून पालथे पडतात, आणि मग एका सकाळी गच्चीच्या कठड्यापलीकडून हाक येते, "डॉक्टर साहब, आपके यहाँ धूप आ गई क्या?"

आली असली तर मी "आ गई" म्हणते आणि वाळत घातलेले कपडे एका बाजूला सरकवते. मग शेजारचे श्रीवास्तवजी कठड्यावरून एकेक कुंडी अलीकडे देऊ लागतात. लखनौच्या महानगर कॉलनीतली आमची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली, गच्च्यांच्या मधे फक्त कमरेएवढा कठडा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दक्षिणेला एक उंच इमारत उभी राहिली आणि त्यांच्या गच्चीचं थंडीतलं ऊन गेलं. आमच्याकडे ते दहाच्या सुमाराला पोचतं आणि चारपर्यंत मुक्काम करतं. म्हणून थंडीत त्यांची गुलदाउदी आमच्याकडे राहायला येते. गुलदाउदी म्हणजे आपली शेवंती.

मला बागकामाची हौस नाही हे आधीच सांगून टाकते. मी दातांची डॉक्टर. जवळच्याच कपूरथला बाजारात दवाखाना आहे, दिवसभर लोकांच्या दाढा बघते, आणि घरी आल्यावर आणखी कुणाची सेवा करायची इच्छा उरत नाही. माझ्या मालकीची हिरवळ म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतला पुदिना. पण यंदा माझ्या लक्षात आलं, की दिवाळी झाल्यापासून मी रोज कपडे गच्चीच्या एकाच बाजूला वाळत घालते आहे. हाक यायच्या आधीच जागा करून ठेवलेली. वय वाढलं की अशा सवयी लागतात, आणि त्या कुठून लागल्या हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

श्रीवास्तवजी बँकेतून निवृत्त झाले आणि गुलदाउदीत रुजू झाले. पावसाळ्यात ते फांद्या लावतात, शेंडे खुडतात, सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, पेंडीचं पाणी घालतात. त्या पाण्याचा वास असा, की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जातात. मग बांबूच्या कामट्या रोवून झाड ताठ बांधायचं. कळ्या धरल्या की एका काडीवर एकच कळी ठेवायची, बाकीच्या नखाने काढून टाकायच्या. झाडाचा सगळा जीव त्या एका फुलात उतरतो आणि ते ताटलीएवढं होतं. पिवळंधमक, गाभ्याकडे पाकळ्या वळलेल्या. डिसेंबरमध्ये कॉलनीच्या पार्कात प्रदर्शन भरतं, तिथं या कुंड्या जातात. फूल कुणी तोडत नाही. ते तोडण्यासाठी नसतंच.

हे सगळं माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्याची ही गोष्ट. आई वाईला एकटी राहत होती. पाऊस संपता संपता ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण सकाळी दूधवाल्याने हाक मारेपर्यंत ती तिथंच बसून होती. मी विमानाने गेले, तिची बॅग भरली आणि तिला लखनौला घेऊन आले. "थंडीपुरती चल," म्हणाले. मनात कायमची होती. तिलाही ते कळलं होतं, कारण दाराला कुलूप लावल्यावर तिने ते ओढून बघितलं, आणि गाडीत बसण्याआधी परत जाऊन पुन्हा एकदा ओढून बघितलं.

लखनौची थंडी म्हणजे दोन वेगवेगळे ऋतू. एक धुक्याचा. सकाळी दार उघडावं तर समोरची गुलमोहोराची फांदीसुद्धा नसते, रिक्षाची घंटी ऐकू येते आणि रिक्षा मागाहून येते. दुसरा उन्हाचा. धुकं फाटलं की अख्खी कॉलनी गच्चीवर चढते. मटार सोलले जातात, केस वाळवले जातात, पेरूला काळं मीठ लावून खाल्लं जातं, आणि जिन्यात येतील त्या सगळ्या निरोपांना "ऊपर आ जाइए" असं उत्तर मिळतं. चौकातून कुणी सकाळी सकाळी माखन मलाई आणली तर तीही वरच. द्रोणात केशरी फेस, जिभेवर ठेवला की नुसता गारवा उरतो. आईने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा द्रोण उलटा करून बघितला. म्हणाली, "ह्यात काहीच नाही गं."

"नाहीच आहे. तेच तर."

"मग विकतात काय?"

बोलायची ती एवढंच. आई वाईला मुलींना गाणं शिकवायची. दुपारी बैठकीच्या खोलीत पेटी उघडी, समोर पाचसहा मुली, आणि पोळ्या लाटता लाटता आतून तिचं चालू, "वरचा सा चढतोय तुझा, खाली ये." आमच्या घरात शांतता म्हणजे कुणीतरी आजारी असल्याची खूण होती. बाबा गेल्यावर तिने पेटीवर चादर घातली. इथे आल्यावर तर विचारायलाच नको. हिंदी तिला सिनेमापुरतं समजायचं. माझी मुलगी तन्वी तिचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. नवरा रेल्वेत इंजिनिअर, तो आठवड्यातून चार दिवस रुळांवर. आई गच्चीवर खुर्चीत बसायची, मटारांचं पातेलं मांडीवर, आणि दात आवळलेले. माझ्या धंद्यात ते लगेच दिसतं. कानाखालचा स्नायू टणक होतो. पेशंटला मी सांगते, रात्री दातात घालायला साचा करून देते. आईला काय देणार?

एकदा मात्र ती आपणहून बोलली. गल्लीत धुनिया आला होता. रजयांचा कापूस पिंजून देणारा. त्याच्या धनुकलीची तार टणत्कारायला लागली तशी आई खुर्चीतून अर्धवट उठली. "पिंजारी," ती म्हणाली. आणि मग थोडं ऐकून, "बरोबर पंचमात लावलीय त्याने." खाली वाकून तिने त्याला बराच वेळ बघितलं. कापसाचे पुंजके उडत होते. मी घरातल्या धडधाकट रजया मुद्दाम पिंजायला दिल्या. आता तो धुनिया येत नाही, लोक तयार रजया आणतात. मीही आणते. हलक्या असतात, मशीनमध्ये धुता येतात, आणि त्यांना काही आवाज नसतो.

गच्चीवर आईच्या समोरच श्रीवास्तवजींच्या कुंड्या. ती रोज त्यांच्याकडे बघायची. एकदा ते एक चुकार कळी नखाने काढताना तिला दिसले.

"हे काय करतायत ते?" तिने मला विचारलं.

"एकच ठेवायची असते. मोठं फूल यावं म्हणून."

"आणि बाकीच्यांनी काय पाप केलं?"

श्रीवास्तवजींनी विचारलं, "माताजी क्या कह रही हैं?"

"कह रही हैं, बहुत सुंदर हैं," मी म्हणाले.

मार्गशीर्ष आला. आईने आयुष्यभर गुरुवारची लक्ष्मी मांडली आहे. कलश, नारळ, पाच पानं, आणि शेवंती. वाईच्या बाजारात या दिवसांत शेवंतीचे ढीग असतात, ओल्या फडक्याखाली, वाटेवरून जाताना गारसर कडवट वास येतो. मी तिला कपूरथलाला घेऊन गेले. फूलवाल्याकडे गेंदा होता, गुलाब होता, पुन्हा गेंदा होता.

"झेंडू दसऱ्याला," आई म्हणाली.

"माताजी, यहाँ भगवान को यही चढ़ता है," फूलवाला म्हणाला.

"तुमच्या भगवानाला चढत असेल."

आम्ही गुलाब घेऊन आलो. पहिला गुरुवार गुलाबांवर झाला. दुसऱ्या गुरुवारी मी सकाळच्या पेशंटसाठी लवकर निघायच्या घाईत होते, आणि आई गच्चीवर जाऊन आली हे मला कळलं नाही. बैठकीतून आरतीचा आवाज आला. मी हातातली पर्स खाली ठेवली. आई गात होती. आवाज खरखरीत, बरेच महिने बंद ठेवलेल्या खिडकीसारखा, पण सुरात, आणि मागचं सगळं घर भरून टाकणारा. पाटावर कलश मांडलेला, आणि कलशाभोवती तीन शेवंत्या. ताटलीएवढ्या. पिवळ्याधमक.

मी ओरडणार होते. पण दारात श्रीवास्तवजी उभे होते.

कुंड्या दुपारच्या आत पार्कात पोचवायच्या होत्या. ठेलेवाला खाली थांबला होता आणि ते आमच्या जिन्याने गच्चीवर जाऊन रिकाम्या काड्या बघून उतरले होते. बैठकीच्या दारात त्यांना आपली फुलं दिसली. त्यांनी चपला काढल्या. हात जोडले. आणि आरती संपेपर्यंत तसेच उभे राहिले. आई डोळे मिटून गात होती, आणि आई कडवी गाळत नाही. मी त्यांच्याकडे बघण्याचं टाळत समईच्या वातीकडे बघत होते.

आरती झाली. आईने डोळे उघडले, शेजारी आलेत हे बघून तिला बरं वाटलं, आणि तिने त्यांच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं. वर म्हणाली, "फूल बहोत अच्छा." इथे आल्यापासून तिने कुणाशी हिंदीत बोललेलं ते पहिलं वाक्य.

"जी, माताजी," श्रीवास्तवजी म्हणाले. प्रसाद तोंडात टाकला, हात डोक्यावरून फिरवला आणि जिना उतरून गेले.

"आजी," तन्वी म्हणाली, "वो अंकल के कॉम्पिटिशन वाले फूल थे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. आईचा चेहरा मी पुढे कधी तसा बघितला नाही. "आपल्या गच्चीवर होत्या कुंड्या," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्याला दिल्यात. देवाला नको का फुलं? नाहीतर एवढी वाढवायची कशाला?" तिच्या बाजूने ते खरंच होतं. फुललेली शेवंती संध्याकाळपर्यंत झाडावर राहिली तर वाईत शेजारीण विचारते, घरात कुणी नाही का?

उरलेल्या कुंड्या पार्कात गेल्या. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. श्रीवास्तव भाभी मला गेटपाशी भेटल्या तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "अरे छोड़ो. साल भर उस फूल की सेवा की इन्होंने, मेरी एक दिन नहीं की. अच्छा हुआ, लक्ष्मीजी ले गईं." पण श्रीवास्तवजी गच्चीवर दिसेनात. फुलं गेलेल्या काड्या कामट्यांना बांधलेल्या तशाच ताठ उभ्या होत्या.

आईही वर जाईना. पुढच्या दोन्ही गुरुवारी तिने लक्ष्मी मांडली, आरती पुटपुटली. मग धुक्याचे दिवस लागले, सूर्य आठवडाभर उगवला नाही, आणि एका दुपारी मी दवाखान्यातून जेवायला आले तेव्हा ती म्हणाली, "माझं तिकीट काढ. मला वाईला जायचंय."

"एवढ्याशा गोष्टीवरून?"

"गोष्ट केवढी का असेना. मला इथलं काही कळत नाही. कुठली वस्तू कुणाची, कुठल्या फुलाला हात लावायचा, कुणाला काय म्हणायचं. माझ्या घरात मला हे विचारावं लागत नाही."

मी कारणं दिली. न्हाणीघर. रक्तदाब. दूधवाला नेहमी वेळेवर येईल याची खात्री काय? सगळी कारणं बिनतोड होती. आईने ऐकून घेतली. "मला पटवू नकोस," ती म्हणाली. "मी काय तुझी पेशंट आहे? संक्रांत करते आणि जाते."

ती गेली असती तर पुन्हा आली नसती. मला ते माहीत होतं, तिलाही होतं. आणि मी तिला अडवून धरू शकत नव्हते, कारण आमच्या दोघींत कुणी कुणाला अडवण्याची पद्धत नाही. मी लग्न करून इतक्या लांब आले तेव्हा तिने मला डबा दिला होता, सल्ला दिला नव्हता. नवऱ्याने पुण्याच्या गाडीचं फेब्रुवारीतलं तिकीट काढलं.

लोक मला विचारतात, तुम्हाला लखनौत करमतं का? काय सांगणार? करमणं ही काही एक मोठी वस्तू नाही, एकदा मिळाली की कपाटात ठेवावी अशी. सकाळी चहाच्या कपावर हात शेकताना शेजारच्या घरातला रेडिओ लागतो, जुनं गाणं अर्ध्यातून सुरू होतं. ओल्या मातीत पेंडीचा वास मिसळतो. मुळ्याची पानं विकणारा "ले लो ताज़ी" म्हणताना शेवटचा स्वर उगाचच लांबवतो. यातलं एकही न्यायला येत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही. असं थोडं थोडं साचतं, तेव्हा कुठे माणूस एका गावात राहतो. मला ते साचायला पुष्कळ वर्षं लागली होती. आईला मी एक हिवाळा देऊ केला होता, आणि त्यातही धुकंच जास्त.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाले. त्यानंतरच्या रविवारी ऊन पडलं. खरं ऊन, पाठीत शिरणारं. मी कपड्यांची बादली घेऊन वर गेले तर श्रीवास्तवजी आमच्या गच्चीवर कात्री घेऊन काड्या कापत होते. फुलांचा हंगाम संपला होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि आपापल्या कामाला लागलो. मागून जिन्यावर पावलं वाजली. आई वर येत होती, कठड्याला धरून, दर पायरीला थांबत.

ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाक्य पाठ केलेलं होतं, तन्वीकडून घोकून घेतलेलं. "भाईसाहब, मुझसे गलती हो गई."

"अरे नहीं नहीं, माताजी, कोई बात नहीं..."

"बात है," आई म्हणाली, आणि तिचं हिंदी तिथं संपलं. पुढचं ती मराठीत बोलली. "माझं चुकलं ते चुकलंच. पण वाईट वाटलं असलं तर तसं सांगायचं की. चपला काढून हात जोडून उभे राहिलात, प्रसाद खाल्लात आणि गेलात. मग माणसाला कळायचं कसं?"

मी भाषांतर करायला पुढे सरकले. श्रीवास्तवजींनी हाताने थांबवलं. कात्री कुंडीच्या काठावर ठेवली.

"बुरा तो लगा था, माताजी," ते म्हणाले. "बहुत बुरा लगा था. खाना नहीं खाया उस दिन."

"लागणारच," आई म्हणाली. तिला भाषांतर लागलं नाही.

मग ती कुंडीजवळ वाकली. कापलेल्या काडीच्या बुडाशी मातीतून नवे कोंब आले होते. श्रीवास्तवजी लगेच गुडघ्यावर बसले. अशा वेळी त्यांना थांबवता येत नाही. "ये देखिए, इन्हीं से नए पौधे बनते हैं. इनको अलग करेंगे, फिर जुलाई में कलम..."

"माहीत आहे," आई म्हणाली. "आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर येते शेवंती. कुणी जुलै बघत नाही." आणि तिने एक कोंब बोटांत धरला. "हा मला द्या."

"ज़रूर. मैं आपको बता दूँगा, कब पिंचिंग करनी है, कली कब..."

"कळ्या मी काढणार नाही."

हे मला भाषांतर करून सांगावं लागलं. श्रीवास्तवजींना धक्का बसला. "लेकिन माताजी, फूल छोटे रह जाएँगे! इतने-इतने से!"

"राहू देत. पुष्कळ येतील."

दोघंही आपापल्या धर्मावर अढळ अशी माणसं. शेवटी श्रीवास्तवजींनी खुरपीने कोंब मुळासकट सोडवला आणि एका छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत लावायला घेतला.

"कब आता है? फूल?" आईने विचारलं.

"अगले नवंबर में."

मी हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला नाही. तसाच धरून उभी राहिले.

आई कुंडीकडे बघत होती. "मग ही लहान पडेल," ती म्हणाली. "मोठी द्या."

सोमवारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी नवऱ्याला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. रात्री जेवताना आईच्या ताटात भाकरी वाढत मी म्हणाले, "तुझं तिकीट कन्फर्म होत नाहीये. वेटिंग आहे."

"रेल्वेवाल्याच्या घरात?"

"गर्दी फार आहे."

"असेल," आई म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडला, मटारच्या उसळीत बुडवला, सावकाश चावला. "मग वाईला शेजारच्या सुमनला फोन कर. तिच्याकडे किल्ली आहे. कपाटाच्या खालच्या खणात माझी सुती पातळं आहेत, ती पाठवून दे म्हणावं. उन्हाळा इथला फार कडक असतो म्हणतात."